माळवदावर बांधलेला भुऱ्या

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. देवापुढे बसते तेव्हाही हे एवढं सोडून बाकी सगळं बोलते. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. पोटात ठेवून ठेवून माझा मलाच वीट आलाय.

आमचं घर सोलापुरात, गिरणीच्या अलीकडे. वर छताला मातीचं सपाट माळवद. वैशाखात त्यावर पाय टेकवत नसे, आणि तिथंच मला बसवायचे — कुरडया राखायला! नवी सून ना मी. सासूबाई खाली गार जमिनीवर घोरणार आणि मी डोक्यावर ओला पदर घेऊन कावळे हाकलणार. इतकी चीड यायची, की वाटायचं, लाथेनं उडवून द्यावं सगळं वाळवण.

भुऱ्या आमचा कुत्रा, सासऱ्यांचा लाडका. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. ते गिरणीतून सुटले की हा गल्लीच्या तोंडापर्यंत सामोरा जायचा. उन्हाळा लागला की मामंजी मोरीजवळ त्याच्यासाठी गोणपाट भिजवून टाकायचे, शेजारी पाण्याची परात. रोज बघत होते मी. म्हणजे मला कळत नव्हतं, असं नाही.

त्या दुपारी मी भुऱ्याला वर नेलं, दगडी पाट्याला बांधलं. राख म्हटलं तूच, आणि खाली येऊन आडवी झाले. पाणी? नाही ठेवलं. सावली? उघड्या माळवदावर कुठली सावली? आधी तो भुंकला. मग कुंईकुंई करायला लागला. मला झोप लागली होती म्हणाले असते तर कुणी पाहायला आलं होतं? पण नव्हती लागली. ऐकत होते — सगळं ऐकत होते. उठायचा कंटाळा केला. मग आवाज थांबला, आणि मला बरं वाटलं.

वर गेले तर तोंडाला फेस, डोळे लाल, पाय लटपटत होते. दोर सोडताच जिन्यावरून कोलमडत खाली गेला. सासूबाई दचकून उठल्या. आता विचारणार, याला वर कुणी बांधला — आणि माझ्या तोंडून निघालं, "पिसाळलाय!"

बघता बघता गल्ली काठ्या घेऊन दारात. मामंजींना त्या दिवशी सुट्टी होती, बाजारातून ते नेमके तेव्हाच परतले. भुऱ्यानं परातीत तोंड खुपसलेलं पाहून ते ओरडले, "आरं, पानी पितंय की ते! पिसाळलेलं कुत्रं पान्याला तोंड लावतं व्हय?"

तिथं तरी बोलायला काय झालं होतं मला? मी म्हटलं, "माझ्या अंगावर आला."

दुसऱ्या कुणाला मामंजींनी पुढे येऊ दिलं नाही, काठी स्वतःच घेतली. त्यांना पाहून भुऱ्यानं तोंड वर केलं, शेपूट हलवली.

वय लहान होतं, घाबरले होते — असलं काही सांगणार नाही. मला बोलणी खायची नव्हती, एवढंच.

नंतर त्यांनी सासूबाईंना माझे पाय नीट बघायला लावले, कुठं दात लागलाय का म्हणून. स्वतः दाराबाहेर उभे राहिले. "न्हाय न्हवं लागलं?" दोनदा विचारलं. मग म्हणाले, "तू वाचलीस पोरी, बास झालं."

पुढे कुणी भुऱ्याचं नाव काढलं की ते हेच म्हणायचे, अगदी शेवटच्या आजारपणातही. आणि मी मान हलवायचे.