नऊ साड्या आणि माझी कढई

सुमननं त्या साड्या बिघडवल्या नव्हत्या. मी बिघडवल्या होत्या.

काल विहारात तिच्या शोकसभेत ही गोष्ट उलटी सांगितली गेली. मी पहिल्या रांगेत होते. ती दुरुस्त केली नाही.
म्हणून आज हे लिहिणं भाग आहे.

सुमन माझी धाकटी नणंद. गेल्या आठवड्यात हार्ट अटॅकनं गेली.
मला अजून रडू आलेलं नाही. भांडी घासते, पेपर वाचते, आलेले फोन उचलते. सगळं व्यवस्थित चालू आहे.

तिची सगळी नोकरी लातूरला झाली. तिथं टँकरच्या पाण्यावर घर चालवायची सवय लागली. रिटायर होऊन नांदेडला आमच्या कॉलनीत आली, तेव्हा टेम्पोतून फर्निचर कमी आणि ड्रम जास्त उतरले.

वॉशिंग पावडर तिच्या घरात नव्हती.
रिठे आणायची. बिया काढून भिजवायची, उकळायची, कुस्करून गाळायची. त्या पाण्यात कपडे धुवायची आणि धुण्याचं पाणी झाडांना घालायची.

"अगं, मशीन घे की," मी म्हणायचे.
"हाय की वहिनी. दोन पायाची."
आणि टबात उभी राहून चादरी तुडवायची.

तेव्हा मी महिला मंडळाची अध्यक्ष होते. पौर्णिमेच्या वंदनेला नेसायच्या मंडळाच्या नऊ पांढऱ्या साड्या विहारातल्या पेटीत असायच्या. त्या उन्हाळ्यात विहाराचं बोअर आटलं. सुमननं आवाराच्या कडेनं रोपं लावली होती, ती माना टाकायला लागली.

मीटिंगमध्ये ती उभी राहिली. म्हणाली, साड्या रिठ्यात धुवू, म्हणजे ते पाणी रोपांना देता येईल. पावडरचं पाणी देता येत नाही.

बायका हसल्या. "झाडपाल्यानं पांढरं निघतं व्हय?"
"एकडाव बघा. न्हाई निघालं तर मंडळात पुन्हा रिठ्याचं नाव काढणार न्हाई."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भोकरला तिच्या चुलत सासूची मयत झाली. तिला जावं लागलं. सकाळीच रिठे घेऊन माझ्या दारात आली.

"वहिनी, तुम्हीच करा आता. पांढऱ्याला निस्ता रिठा. शिकेकाई टाकू नका. अन् लोखंडात उकळू नका, स्टीलचं पातेलं घ्या."
"मला सांगून राहिलीस? बी.एस्सी. आहे मी. केमिस्ट्री घेऊन."
"हाव. म्हणूनच भ्या वाटतंय."

माझं पातेलं लहान पडलं. मी कार्यक्रमाच्या भज्यांची मोठी लोखंडी कढई काढली.
फेस कमी वाटला. दोन मुठी शिकेकाई टाकली.
साड्या बुडवल्या. पाणी काळपट झालं. मला वाटलं, मळ सुटतोय.

विहाराच्या आवारात दोरीवर साड्या पसरल्या. ऊन लागलं तसे करडे-काळे डाग उठत गेले. नऊच्या नऊ साड्यांवर.

मला तिथंच कळलं होतं. शिकेकाईतलं टॅनिन आणि कढईचं लोखंड. पूर्वी शाई अशीच करायचे. हे मी सेकंड इयरच्या पेपरात लिहिलेलं आहे.

घरी जाऊन मी कढई घासली आणि माळ्यावर ठेवली.

संध्याकाळी सगळ्या जमल्या तेव्हा सुमन नुकतीच बसमधून उतरून आली होती. पिशवी हातातच.
"बघ गं बाई, तुझ्या झाडपाल्यानं काय केलं!"

तिनं एका साडीचा पदर हातात घेतला. नाकाशी नेला. शिकेकाईचा वास लपत नाही.
मग माझ्याकडे पाहिलं.
मी दोरीकडे पाहत राहिले.

"माझंच चुकलं बायांनो," ती म्हणाली. "माप बिघडलं."

नव्या साड्या आणल्या. त्या पावडरमध्ये धुतल्या जाऊ लागल्या, पाणी गटारात जाऊ लागलं. सुमननं शब्द पाळला. मंडळात पुन्हा रिठ्याचं नाव काढलं नाही.
घरच्या धुण्याचं पाणी बादलीनं विहारापर्यंत न्यायची. मी गॅलरीतून बघायचे. निम्मी रोपं तरीही गेली.

मला ती एका शब्दानं बोलली नाही. मीही बोलले नाही.

काल एकीनं माइकवर प्रेमानंच सांगितलं, "सुमनताईंनी एकदा आमच्या नऊ साड्या काळ्या केल्या होत्या!" लोक हळूच हसले. माझं नाव पुकारलं. मी दोन मिनिटं बोलले. स्वभाव, कष्ट वगैरे. ते सोडून सगळं.

बाहेर चपला घालताना तिची मुलगी प्रज्ञा जवळ आली.
"मामी, आईनं खरंच साड्या खराब केल्या होत्या का?"
"जुनी गोष्ट आहे बाळा," मी म्हणाले.

आज सकाळी तिच्या घरी गेले. बसायच्या आधी सांगितलं. कढई, शिकेकाई, सगळं.

प्रज्ञानं पाणी आणून दिलं.
"मला माहीत होतं मामी. आईनं तेव्हाच सांगितलं होतं. म्हणाली, बोलू नको कुठं, वहिनी अध्यक्ष हाय, तिला तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई."
"मग काल का विचारलंस?"
"तुम्ही सांगाल म्हणून."



सुमन, जयभीम. तू नेहमी आधी म्हणायचीस. आज मी म्हणते.

प्रज्ञानं आईचं धुण्याचं सामान माझ्या हवाली केलं. ते मी दुपारी विहारात मंडळाकडे दिलं, ते असं:
बिया काढलेले रिठे, एक डबा भरून.
स्टीलचं मोठं पातेलं, एक.
गाळायची मलमलची फडकी, दोन.
पांढरे कपडे धुण्याची रीत, एक कागद. अक्षर माझं आहे. खाली नाव सुमनचं घातलं आहे.