बँडकाका सांगलीचेच

सॅक्सोफोन तोंडाला लावण्याआधी बँडकाका कानाची पाळी धरायचे. गवई गुरूचं नाव घेताना धरतात, तशी. एकदा मी म्हटलं, "काका, जॅझमध्ये कुठलं आलंय घराणं?" तर म्हणाले, "वहिनी, हे अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं घराणं. गुलामी भोगून उभं केलंय त्यांनी. आपण पाहुणे. पाहुण्याने आधी नमस्कार करावा."

काका सांगलीचे. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. काका दुबईतल्या एका मोठ्या हॉटेलात जॅझ वाजवत आणि सुट्टीच्या दिवशी तिथल्याच सिलिकॉन ओएसिस भागात आमच्या घरी येऊन सईला, माझ्या लेकीला, शिकवत. तिचा सूर चुकला की अरबी थाटात "यल्ला, चल, पुन्हा!" एवढंच. रागावणं त्यांना जमायचंच नाही.

रंगाने काळेकुळकुळीत, केस कुरळे. हॉटेलातले पाहुणे त्यांना अमेरिकन समजायचे. काका हसून "सांगली, इंडिया" सांगायचे. मग नवा मॅनेजर आला. आपलाच, मुंबईचा. त्या मेल्याला यात धंदा दिसला! बोर्डावर लिहिलं, 'अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे अंकल जो'. वर ताकीद, गप्प राहायचं, नाहीतर व्हिसा कॅन्सल. काकांची मुलगी पुण्यात शिकत होती, नोकरी जाऊन चालणार नव्हतं. मी समजावलं, "काका, नाटकात माणूस राजा होतोच की. घ्या निभावून."

"वहिनी, मांडवात माझ्या बापाला नाव नव्हतं. 'ए बँडवाले!' बस. जेवणही मांडवाबाहेर. अमेरिकेतल्या त्या काळ्या वादकांनीही हेच सोसलं, मागच्या दाराने आत जाऊन वाजवलं. आता त्यांचं सोसणं मी अंगावर चढवून मिरवू?"

त्या शुक्रवारी आम्ही समोरच बसलो होतो. मॅनेजरने 'अंकल जो' पुकारलं. काकांनी माइक घेतला आणि स्वतःचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, बापाचं नावसुद्धा. मग असं वाजवलं की मला रडू आवरेना. नोकरी खलास, व्हिसाही. विमानतळावर सईने वाकून नमस्कार केला. एरवी सांगून सांगून माझा जीव जातो.

परवा ऑफिसच्या पार्टीला सईला घेऊन त्याच हॉटेलात जावं लागलं. स्टेजवर दुसरा सावळा वादक होता आणि बोर्डावर शिकागो. त्याचं वाजवून झाल्यावर सई उठून त्याच्याजवळ गेली.

"अंकल, व्हॉट्स युअर रिअल नेम?"

त्याने आधी मॅनेजरकडे पाहिलं.