घाटावरचा कोरीव दगड
शहरातल्या घरासमोर ओली वाळू पडली, की त्या वासानं मला पैठणजवळचं आमचं गोदाकाठचं गाव आठवतं. धरणाचं पाणी चढत होतं आणि सामान भरलेला ट्रक सकाळपासून उभा होता. वडील सारखे नदीकडं बघत, पुन्हा दोऱ्या आवळत. आत्या मात्र घाटावरच्या जुन्या कोरीव दगडापाशी बसून राहिली. तो कुणाच्या नावाचा, गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. ती रोज त्याला फूल वाहायची. "ह्यो हितंच बुडणार असंल, तर मी बी नाय येत." "पाणी थांबणार हाय व्हय तुझ्यासाठी?" म्हणत वडिलांनी चिडून पहार उचलली. आम्ही खणायला लागलो, तर अर्धा दगड जमिनीतच होता. बाहेर काढून चिखल पुसला, तेव्हा खालचं कोरीव काम पहिल्यांदाच दिसलं: मागं गाई, समोर चाल करून आलेले घोडेस्वार आणि मधे तलवार उपसलेला एकटा वीर. "गावासाठी मेलाय ह्यो," वडील एवढंच म्हणाले आणि जागा करायला त्यांनी आमची लोखंडी कॉट ट्रकमधून उतरवली. नव्या गावात आता त्याला चौथरा बांधलाय. मी तिथं गेलो, की तासाभरातच शहराची एसटी शोधायला लागतो. गाव सोडून गेलेल्या मला त्याच्यासमोर उभं राहवत नाही.