हळदीत राहिलेले दोन घाणे

तर हरिचंद्र बँडपुढे नाचत होता, इथवर काल आलो होतो ना? मग चहा आला आणि शलाका कोण, तेच सांगायचं राहिलं.

शलाका माझी नात. मी बदलापूर गावच्या शाळेत सातवीपर्यंत गेलो, ही अंबरनाथच्या कारखान्यात प्लास्टिकचे क्रेट हलके करते. शेजारची सगुणाबाई डोक्यावर जांभळं नेते ना, ती हिला एकदा म्हणाली, "जांभलांपेक्षा डबाच जड गो बाय!" तेवढं पुरलं.

प्लास्टिकात एक पूड घालतात, मग त्याला आंबोळीसारखी जाळी पडते आणि ते हलकं होतं. जाळी जास्त झाली की क्रेट तडकतो. पूड किती, ताव किती, थंड किती वेळ करायचं, ही तीन मापं. कारखान्याचे महेंद्रसाहेब म्हणाले, "एकेक बदलत बस." हिने क्रेटचे अकरा घाणे मांडले: आठ वेगवेगळ्या मापांचे, तीन मधल्या मापाचे, अगदी एकसारखे. क्रम चिठ्ठ्या काढून. साहेबांनी बजावलं, "शनिवारी पटलं नाही, तर काम बंद."

शुक्रवारी दुपारी मशीनवरून वजनांची वही आली. एकसारख्या तिन्ही घाण्यांचं वजन आठशे बारा, आठशे बारा, आठशे बारा ग्रॅम. मी म्हटलं, "वा! काय हात आहे!" पोरीचा चेहरा मात्र पडला. स्कूटर काढली, मला मागे बसवलं आणि थेट कुळगाव. तिथे मशीनवाला हरिचंद्र पुतण्याच्या हळदीत, कानापर्यंत पिवळा.

"काका, बाकीचे दोन घाणे?"

"अगो, माप तेच, मशीन तीच, आकडा काय पलून जातो? आणि हळद चुकवली तर भाऊबंद मला जित्ता ठेवतील?"

"पुतण्या तोच, हळद तीच. मग एकाने लावल्यावर बाकीचे पुन्हा कशाला लावता?"

हरिचंद्र हसला आणि तसाच पिवळा स्कूटरवर बसला. मी राहिलो जेवायला. नवे घाणे निघाले आठशे पाच आणि आठशे एकोणीस, दोन्हींवर हळदीचे पंजे.

शनिवारी साहेबांनी पाहिलं. चौथा घाणा जुन्या क्रेटपेक्षा दीडशे ग्रॅमनी हलका, वर पोतं आपटलं तरी तडकला नाही. तोच क्रेट हल्ली सगुणाबाईच्या डोक्यावर असतो. पण त्याआधी साहेब गुरकावलेच, "एकाच मापाचे तीन आकडे? त्यापेक्षा कालची वही बरी होती!"

तेव्हा माझी नात म्हणाली, "सर, एकाच पातेल्यातले तीन कप आमचे आजोबा तीन चवींचे म्हणून पितात. तिन्ही सारखे म्हणाले, तर समजायचं, दोन प्यायलेच नाहीत."