निर्गुडीला सांगून

तळा-मुरुड एसटीत शेजारी एक म्हातारी बसली होती. मांडीवर निर्गुडीच्या फांद्यांचा भारा. निळी फुलं चुरगळू नयेत म्हणून प्रत्येक वळणावर ती स्वतःच कलत होती. मुरुडला लेक बाळंत झाली होती आणि तिच्या आंघोळीच्या पाण्यात हा पाला उकळायचा होता.

"माझा गुडघा सुजलाय. दोन फांद्या द्याल?" मी विचारलं.

"न्हाय गो बाय. काल सांजंला झाडाला सांगून आलेय, लेकीसाठी नेतेय म्हणून. तुज्यासाठी येगळं सांगावं लागंल. नाव काय तुजं?"

मी हसत सांगितलं. तिने ते ओठांतल्या ओठांत घोकलं आणि मुरुडला उतरून गेली.

तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गुडघा अजून ठणकतो. पण तळा गावच्या रानातलं एक झुडूप आता मला नावाने ओळखत असणार.