उत्तमरावनं छकड्याले डोळा बसवला

वांकिडीच्या बाजारात उत्तमरावची रेडिओ-टीवी दुरुस्तीची टपरी होती. ऊन असो का पाऊस, हा माणूस कोणाच्या तरी घरावर चढून अँटेना फिरवत असे, अन् खालून घरवाली वरडे, "आलं! आलं! गेलं!" आपला धंदा त्यानं कधी लहान समजला नाई. "सरकार टीवी धाडते, पण दाखवतो मी," असं छाती काढून सांगे.

घरचा नाद मात्र वेगळा, शंकरपटाचा, मंजे बैलाच्या शर्यतीचा. बाप डोमाजी जवानीत नामी धुरकरी; बैलाची जोडी हाकावी तं त्यानंच. एका पटात छकडा अंगावर पलटला, खुबा मोडला, तवापासून बाजेवर. मंग धाकटा यशवंतराव हाकाले लागला. जोडीत डावा हरण्या, उजवा तुऱ्या. तुऱ्याले जलम देऊन गाय मेली होती, मनून उत्तमरावच्या मायनं, बयनाबाईनं, त्याले बोटानं दूध चाटवून वाढवलं होतं.

त्या जोडीची एकच रड. गोळीवानी सुटे, साऱ्याईच्या पुढं राहे, अन् शेवटच्या टप्प्यात उजवीकडं दाण सोडून शेतात घुसे. दाण मंजे धावाचा पट्टा. त्याच्याबाहेर चाक गेलं का जोडी बाद. काऊन घुसते हे कोणालेच दिसे नाई, एवढा धुरळा. यशवंतराव मने, "तुऱ्याच बेइमान आहे." शेवटी ठरलं, यंदा बाहेर गेला तं तुऱ्या भैंसा गावच्या व्यापाऱ्याले द्याचा, कापसाच्या गाड्या ओढाले. त्या दिवशी बयनाबाईनं चूल पेटवली नाई.

डोमाजी मने, "छकड्यावरून पाह्यलं तं खोड कोणाची ते मी एका नजरेत सांगीन. पण मले आता तिथं कोण बसवते?"

"तुमाले नाई बसवत, बा," उत्तमराव बोलला. "तुमचा डोळा बसवतो."

आदिलाबादच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडं क्यामेरा पडला होता. त्यात कॅसेट फिरे नाई, पण चित्र साफ. उत्तमरावनं तो भंगाराच्या भावात उचलला. मेलेल्या व्हीसीआरमधली चित्र टीवीवर देणारी डबी काढली, अन् तिच्यापुढं अँटेनाचा बूस्टर लावला. एरवी बूस्टर हवेतलं चित्र ओढून टीवीले देते. यानं तो उलटा जोडला, चित्र हवेत फेकाले. वीज मोटारसायकलच्या बॅटरीची. पण छकडा हालला का चित्र थयथय नाचे. ट्यूबचं रबर बांधून पाह्यलं, अजून नाचलं. मंग त्यानं क्यामेरा डालड्याच्या डब्यात ठेवला अन् चारी अंगानं कापूस ठासला.

शेजारचा चंपतराव पाहून हासला. "गादी भरून राह्यला का बे क्यामेऱ्याची? उशी बी दे त्याले!"

"काका, दाणेवर एक डाव छकड्यात बसा. मंग तुमीच गादी मागसान."

हे सारं शहाण्णव सालचं. पटाच्या दिवशी छकड्याच्या आडव्या दांडीवर डबा बांधला, तोंड बैलाकडं. अंगणात डोमाजीच्या बाजेजवळ काळा-पांढरा टीवी, बांबूवर अँटेना. कॅसेट फिरत नव्हती, मनून जे दिसन ते तवाच पाहाचं. चुकलं तं चुकलं. अर्धं गाव अंगणात बसलं. बयनाबाईनं छकड्याची पूजा केली, जोडी दाणेवर गेली. धुरकऱ्याच्या घरची बाई दाणेवर जात नसे, मनून ती दारातच उभी राह्यली.

पटात तीन धावा होत्या. पहिलीची झेंडी पडली. टीवीवर सारा अंधार. कोपऱ्यात तेवढी उजेडाची चीर. धाव संपली. सांगावा आला का जोडी पहिली आली, पण चाक दाणेच्या काठाले घासून गेलं, थोडक्यात वाचली.

उत्तमरावनं बूस्टर हालवला, तारा ओढल्या, बॅटरीले शिव्या घातल्या. चंपतराव बोलला, "रात झाली वाट्टे तिकडं."

डोमाजीनं बायकोकडं पाह्यलं. "पूजा कशाकशाची केली वं?"

"छकड्याची, जुवाची, चाकाची. अन् त्या डब्याची. नवी वस्तू कोरी कशी सोडू? चांगलं ठसठसून कुंकू लावलं भिंगाले."

उत्तमराव सायकल घेऊन दाणेवर पयाला. पण यशवंतराव आडवा आला. "पुजेचं कुंकू धावेच्या आंधी पुसाचं नाई, दादा. माह्या जिवाची गोठ आहे. खुबा माहा मोडन, तुहा नाई."

उत्तमराव उभ्या पायी परत आला. "माय, तो हात लावू देत नाई."

बयनाबाईनं तुऱ्याचा रिकामा खुटा पाह्यला अन् डोक्यावर पदर घेतला. "मी लावलं, मीच काढतो. चाल."

दाणेवर बाया नव्हत्या. ती सरळ गर्दीतून गेली, माणसं बाजूला सरली. डब्याच्या काठाले आंधी ताजं कुंकू लावलं, मंग पदरानं भिंग पुसलं. यशवंतरावनं कासरे उचलले. मायले कोण अडवते?

उत्तमराव एकटाच घरी परतला. दुसऱ्या धावेले अंगणात एकदम गलका झाला. टीवीवर दोन पाठी, चार शिंगं अन् अंगावर धावून येणारी दाण! चंपतराव बसल्या जागी मागं सरकला. डोमाजी मात्र बैल पाहतच नव्हता, कासरे पाहत होता. शेवटचा टप्पा आला. उजवा कासरा ताणला, डावा लोंबला, अन् त्याच्यानंतर तुऱ्याची मान वळली.

डोमाजीनं बाजेवर थाप मारली. "आंधी कासरा, मंग बैल! धुरकऱ्याचा हात असा कवा ओढते ते मले ठाव आहे. पोट्टं मागं वळून पाहते, उजव्या खांद्यावरून, मागची जोडी कुठवर आली ते. तिकडं वळलं का हात ओढते. बैल तं सांगतलं तसं चालून राह्यला रे!"

या खेपीलेई चाक काठावरूनच गेलं. आता आखरी धाव होती. उत्तमराव सांगाले गेला तं यशवंतराव भडकला. "मी? मी कवा मागं पाह्यलं?"

"तुले ठाव नाई, मनूनच तं दोन वर्सं तुऱ्याले शिव्या देल्या."

बयनाबाई अजून तिथंच होती. तिनं धाकट्याची हनुवटी धरली. "मागचं मी पाह्यतो इथं उभी राहून. तू समोर पाहाय."

आखरी धाव अंगणातल्या साऱ्याईनं श्वास रोखून पाह्यली. दोन्ही कासरे शेवटपर्यंत बरोबरीनं ताठ. दाण सरळ आली, सरळ संपली, अन् टीवीवर एकदम गुलाल उडाला.

त्या व्यापाऱ्याले डोमाजीनं बाजेवरूनच नाई मनून टाकलं. पुढच्या पटाले राजुऱ्याकडचे लोक उत्तमरावच्या टपरीवर डबा मागाले आले. त्यानं तो दिला, कापूस कसा ठासाचा ते शिकवलं, अन् वरून सांगतलं, "लावाच्या आंधी घरच्या बाईले इचारून घ्या, कुंकू कुठं लावणार हाये ते."