हिरवं भोक, गुलाबी भोक

सायखेड्याहून स्कूटरवर येणारा आमचा कॉम्प्युटरवाला दुरुस्तीआधी नेहमी मशीनचीच विचारपूस करायचा. "काय राजा, घसा बसला का?"

स्पीकरचा आवाज आठवडाभर बंद होता. "हिनं फडकं मारून बिघडवलं," बाबा आईकडं बोट दाखवून म्हणाले.

बाजूला पडलेला हेडफोन बघून तो टेबलामागं वाकला. "हेडफोन काढून स्पीकरची पिन कुणी लावली?"

"मीच!" बाबा ऐटीत म्हणाले.

त्यानं माइकच्या गुलाबी भोकातली पिन काढून शेजारच्या हिरव्यात घातली. गाणं दणदणलं, आणि बाबांचा चेहरा उतरला.

"काका, चूक बनवणाऱ्याची हाय. एवढी जवळ भोकं देत्यात का?" तो म्हणाला.

जाताना मात्र दारात आईला हळूच म्हणाला, "काकू, फडकं बिनधास्त मारा. काकांना तेवढं टेबलामागं जाऊ देऊ नका."